सात पुटांचं भस्म

बाबा सिंगापूरला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि बरण्या जास्त होत्या. आईला जाऊन आठ महिने झाले होते. कराडच्या घरात ते एकटेच होते, आणि इकडे तोआ पायोहच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मीही एकटीच होते. नवरा मरीन इंजिनिअर, सहा-सहा महिने बोटीवर. "निदान तीन महिने तरी या," असं फोनवर पुन्हापुन्हा म्हणून मी त्यांना आणलं. हे २०१६ मधलं.

बरण्यांपैकी दोन मेतकूट आणि भाजणीच्या होत्या. तिसरी लहान होती, औषधाच्या दुकानात मिळते तशी काचेची, वर कापड बांधलेलं. त्यात राखेसारखी, किंचित पिवळसर पूड होती. ती काय आहे हे मला विचारावं लागलं नाही. ती कशी करायची हे मीच त्यांना वाचून दिलं होतं.

ते कसं, ते आधी सांगते.

बाबांनी हायस्कूलमध्ये तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पण त्यांचे पणजोबा वैद्य होते, आणि त्यांच्याकडून आलेली एक पोथी आमच्या कपाटात लाल कापडात बांधलेली असे. मूळ ग्रंथ सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा वैद्याचा, असं घरात सांगत. आमच्याकडची ती नकलेची नक्कल. श्लोक देवनागरीत आणि प्रत्येक श्लोकाखाली मराठीत खुलासा, तो मोडीत. नाडी कशी पाहावी, रोग्याच्या लघवीत तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो त्यावरून काय ओळखावं, पारा कसा बांधावा, धातू कसे मारावेत, असं सगळं त्यात होतं. 'मारणे' म्हणजे धातूची भाजून भाजून राख करणं. दर वेळी भट्टी लावली की एक 'पुट'. बाबा नोकरीत होते तोवर त्यांनी ती पोथी कधी उघडली नाही. दसऱ्याला तिच्यावर फूल वाहायचे, एवढंच.

आईची किडनी गेली आणि तिची शेवटची दोन वर्षं हॉस्पिटलात गेली. हाताला सुया, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि एक गोळी पचत नाही म्हणून दुसरी, दुसरीने त्रास होतो म्हणून तिसरी. डॉक्टर वाईट होते असं नाही. पण एकदा राउंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी आईच्या उशाशी उभं राहून ती जणू तिथे नाहीच अशा आवाजात तिचे आकडे शिकाऊ डॉक्टरांना सांगितले, आणि ती जागी होती. बाबा ते विसरले नाहीत. तेरावा झाला आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी पोथीचं लाल कापड सोडलं. त्यांना स्वतःला डायबेटिस होता. "आता माझ्या शरीराचं मी बघीन," ते म्हणाले.

त्यांना मोडी येत नव्हती. मला येत होती. पुण्याला कॉलेजात असताना मी हौसेने दोन उन्हाळे मोडीच्या वर्गाला गेले होते. मग व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो यायला लागले. मी ऑफिसमधून परतताना ट्रेनमध्ये उभ्याउभ्या ते मोठे करून वाचायचे आणि उत्तर टाइप करायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आई गेल्यापासून बाबा फोनवर 'बरंय' यापलीकडे बोलत नव्हते. पोथीमुळे ते बोलायला लागले.

मधुमेहावरच्या एका औषधाचं पान आलं. शिशाचं भस्म. शिसं वितळवून शुद्ध कसं करायचं, मग अडुळशाच्या रसात खलून त्याच्या टिकड्या करायच्या, त्या दोन पणत्यांच्या मध्ये ठेवून कापडमातीने लिंपायच्या आणि गोवऱ्यांच्या आगीत भाजायच्या. हे किती वेळा करायचं ते श्लोकात नव्हतं, खुलाशात होतं, आणि तो शब्द नेमका कसरीने खाल्लेला होता. 'सा' स्पष्ट होता. पुढच्या अक्षराचा डावीकडचा एक तुकडा तेवढा उरला होता. मी तो मोठा करून पाहिला. ट्रेन बिशानला थांबली, सुटली. पुढच्या स्टेशनला मला उतरायचं होतं. मी टाइप केलं, "सात पुटं द्यावीत." तो अंदाज होता. पण 'बहुतेक' हा शब्द मी लिहिला नाही.

बाबांनी परसात सात वेळा भट्टी लावली. धुराची तक्रार करायला शेजारी आले, तर त्यांनाही बसवून प्रयोग समजावून सांगितला. महिनाभरात भस्म तयार झालं. पोथीत एक नियम होता तो त्यांना फार पटला होता, वैद्याने आपलं औषध आधी स्वतः खावं. त्याप्रमाणे ते खायला लागले. साखर उतरली. आता वाटतं, आई गेल्यापासून घरात गोडाधोडाचं काही होतच नव्हतं, त्यामुळेही उतरली असेल. पण तेव्हा आम्हा दोघांनाही तसं सुचलं नाही.

सिंगापुरात ते लवकर रुळले. सकाळी मी त्यांना मधाची बाटली आणि चमचा काढून द्यायचे. ते काडीच्या टोकावर मावेल एवढी पूड मधात कालवून चाटायचे आणि खाली फिरायला जायचे. आमच्या ब्लॉकच्या खाली, सगळ्याच ब्लॉकखाली असते तशी, खांबांवरची मोकळी जागा होती, तिथे दगडी टेबलं. त्या टेबलावर त्यांना एक दोस्त मिळाला. नवव्या मजल्यावरचे अंकल, निवृत्त टॅक्सी ड्रायव्हर, चिनी, बाबांच्याच वयाचे. त्यांनाही डायबेटिस आणि वर गुडघे. दोघांचं इंग्रजी दोन तऱ्हेचं. बाबांचं पुस्तकातलं, अंकलचं रस्त्यावरचं. तरी दोघं तासतासभर बोलत.

एका शनिवारी अंकल आम्हा दोघांना टाउन सेंटरजवळच्या एका चिनी औषधांच्या दुकानात घेऊन गेले. लहान लहान खणांचं मोठं कपाट, मुळ्या, साली, सुकवलेले समुद्री घोडे. आत एक म्हातारे चिनी वैद्य बसले होते. त्यांनी बाबांचं मनगट उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली. बाबा म्हणाले, "आता माझी पाळी," आणि त्यांनी वैद्यांची पाहिली, तीही तीन बोटांनीच. दोघं हसले. इतक्या लांबच्या दोन देशांत, शेकडो वर्षं, माणसांनी आजाऱ्याच्या मनगटावर तीच तीन बोटं ठेवली, याने मलाही भरून आलं.

मग बाबांनी खिशातून पुडी काढली. वैद्यांनी पूड बोटावर घेतली, चोळली, वास घेतला आणि अंकलना चिनीत काहीतरी विचारलं. अंकलनी बाबांना विचारलं, "धिस वन, व्हॉट मेटल?"

"लेड. पण मारलेलं," बाबा म्हणाले.

'मारलेलं' कसं सांगितलं गेलं कोण जाणे. वैद्यांनी पुडी घडी करून परत दिली आणि मान हलवली. अंकल ओशाळून म्हणाले, "ही से डोन्ट ईट."

बाबांनी पुडी परत खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी त्याच दगडी टेबलावर अंकलना प्रयोग करून दाखवला. पाण्याने भरलेला ग्लास घेतला, वर चिमूटभर भस्म सोडलं. ते तरंगलं. त्यावर तांदळाचा एक दाणा अलगद ठेवला. दाणाही बुडाला नाही. "कच्चं असतं तर बुडालं असतं. जुने लोक असं तपासून घेत," ते वर्गात सांगत तसं म्हणाले. अंकल टाळ्या वाजवायला लागले. मी भाजीची पिशवी घेऊन तिथे उभी होते आणि मला बाबांचा अभिमान वाटला होता, हे मी लपवणार नाही.

पंधरा दिवसांनी अंकल मला लिफ्टमध्ये भेटले. "युअर फादर आह, व्हेरी क्लेव्हर वन," ते गुडघ्यावर थापट्या मारत म्हणाले. "नो मोअर पेन, लाह."

मी घरात शिरल्या शिरल्या विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांना भस्म दिलंत?"

"मागितलं त्यांनी. मी सहा महिने खातोय, मला काही झालंय का?"

"अहो, पण शिसं आहे ते."

"शिसं काय आहे ते तू मला शिकवतेस? जळून राख झाल्यावर राखेत लाकूड शोधतं का कुणी?"

रसायनशास्त्राच्या शिक्षकाने हे उदाहरण द्यावं, आणि मी, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेणारी, त्यावर गप्प बसावं. लाकडाची गोष्ट वेगळी, शिसं कितीही भाजलं तरी शिसंच, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण आई गेल्यावर जो माणूस पुन्हा उठून उभा राहिला होता त्याला खाली बसवायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या महिन्यात बाबांचं पोट दुखायला लागलं. आधी थोडं, मग जेवण समोर आलं की ताट सारायचे. शौचाला होईना. चेहरा फिका पडला. मी त्यांना ब्लॉकखालच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "डायबेटिसच्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता? गावठी, आयुर्वेदिक, चिनी, काहीही?"

"नो," बाबा म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं. बाबा पुन्हा "नो" म्हणाले. मग डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही. वडिलांना परक्यासमोर खोटं कसं पाडायचं, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन आम्ही वर आलो. लिफ्टमध्ये बाबा म्हणाले, "त्यांना सांगून काय उपयोग? त्यांना ते कळणार नाही." मी "हं" म्हटलं. रात्री बोटीवरच्या नवऱ्याला ईमेल केला. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "डॉक्टरांना खरं सांग." मी ठरवलं, पुढच्या वेळी सांगू.

पुढची वेळ यायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मी रोज सकाळी मधाची बाटली काढून देतच होते. आणि बाबांनी, मला न सांगता, मात्रा दुप्पट केली होती. पोटदुखीवरही तेच औषध पोथीतल्या एका श्लोकात दिलेलं होतं.

एका रविवारी ते शर्टाची बटणं लावत होते. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात म्हणून मी आत डोकावले. त्यांचा उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. डाव्या हाताने ते तो उचलून बटणापाशी नेत आणि तो पुन्हा पडे. माझ्याकडे बघून म्हणाले, "झोपेत अंगाखाली आला असेल." आणि तेवढ्यात पोट धरून ते पलंगावर आडवे झाले. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तसा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, आईच्या अखेरच्या दिवसांतही नाही.

हॉस्पिटलात त्यांचं रक्त काढलं. संध्याकाळी एक मध्यमवयीन डॉक्टर आले आणि खुर्ची ओढून बाबांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले. तेवढ्यानेच मला रडू यायला लागलं. ते म्हणाले, "रक्ताच्या पेशींत ठिपके दिसताहेत. असे ठिपके कधीकधी शिशामुळे येतात. तुम्ही बॅटरीच्या कारखान्यात, रंगकामात कधी होता का?"

"नो. टीचर," बाबा म्हणाले.

"घरी काही औषध?"

बाबांनी तोंड उघडलं, पण त्याआधी मी बोलले. मी सगळं सांगितलं. शिसं, अडुळसा, गोवऱ्या, कराडचे पाच महिने आणि इथले दोन. मी इंग्रजीत सांगत होते, बाबा ऐकत होते, आणि एवढ्या वेळात त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हे आणखी कुणी घेतंय का?"

"अंकल," मी म्हणाले.

बाबा मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "आणि कराडला चौघं."

त्या चौघांचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कराडला फोन करायला बाबांनी नंबर दिले. दोघांना लागला, त्यांना औषध बंद करायला सांगितलं. दोघांचे नंबर जुने निघाले. मग मी घरी आले, डॉक्टरांना द्यायला बरणी पिशवीत घातली आणि नवव्या मजल्यावर गेले. दार अंकलच्या बायकोने उघडलं. त्यांच्याशी माझं आजवर लिफ्टमधल्या हसण्यापलीकडे काही नव्हतं. मी दारातच उभी राहून सांगितलं की ते औषध विषारी आहे, अंकलना उद्याच्या उद्या रक्त तपासायला न्या, मी बरोबर येते. आतून अंकल म्हणाले, "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड." त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"यू वर्क कम्प्युटर, राइट?" त्या मला म्हणाल्या. "यू एज्युकेटेड. यू ऑल्सो डोन्ट नो?"

मला माहीत होतं. मी तसं म्हणाले नाही. "सॉरी, आंटी," म्हटलं. त्या दार लावणार होत्या, मग थांबल्या, आत जाऊन आल्या आणि उरलेली पुडी माझ्या हातात ठेवली. आमच्या घरच्या वहीचा रेघांचा कागद होता तो.

अंकलच्या रक्तात शिसं निघालं, पण बाबांच्या मानाने बरंच कमी. औषध बंद करून दर आठवड्याला तपासायला बोलावलं. बाबांना मात्र शिरेतून औषध सुरू झालं. शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं. डॉक्टरांनी सांगितलं, पोट बरं होईल, हाताचं सांगता येत नाही.

बाबा हॉस्पिटलात असताना एका सकाळी मी पोथी काढली. ती त्यांनी बॅगेच्या तळाशी आणली होती. ते पान मी खिडकीशी उजेडात धरलं. आतापर्यंत मी त्याचा फोटोच पाहिला होता, फोनच्या काचेवर, हलत्या गाडीत. कागदावर त्या अर्धवट अक्षराच्या खाली शाईचा एक फिकट बाक दिसत होता, फोटोत न आलेला. मग मी ऑफिसात करते तसं केलं. त्याच लेखकूच्या हातचे सगळे 'त' शोधले, सगळे 'ठ' शोधले, कागदावर उतरवून शेजारी मांडले. दुपारपर्यंत शंका उरली नाही. तो 'ठ' होता. सात नव्हे, साठ.

पुढच्या दोन पानांचेही फोटो आले होते, ते मी कधी वाचलेच नव्हते. बाबांनी कृती तेवढी मागितली होती, मी कृती तेवढी दिली. त्या पानांवरच्या मोडी खुलाशात, भस्म कच्चं राहिलं तर ते खाणाऱ्याला काय होतं, ते लिहिलेलं होतं. पोटात शूळ उठतो. अन्न नको होतं. अंग पांढरं पडतं. हातातलं बळ जातं. ज्याने कुणी ते प्रथम लिहिलं त्याच्यासमोर असे रोगी आले असणार, त्याशिवाय हे लिहिता येत नाही. त्याच्याकडे रक्त तपासायची सोय नव्हती, पण त्याने पाहिलं होतं आणि पुढच्यांसाठी नोंदवून ठेवलं होतं. त्याच्या परीने त्याने सावध केलं होतं. मध्ये इतकी माणसं येऊन गेली, नक्कल करणारे, जपणारे, फूल वाहणारे, आणि शेवटी ती ओळ माझ्यापर्यंत आली. मी ती न वाचता पुढे गेले.

मी डॉक्टरांना विचारलं, साठ वेळा भाजलं असतं तर ते निर्धोक झालं असतं का? ते म्हणाले, "मला माहीत नाही. पण शिसं नाहीसं होत नाही." त्यांनी मला दिलासाही दिला नाही आणि दोषही दिला नाही. तेव्हापासून मी कधी असं धरून चालते की साठ असते तरी तेच झालं असतं, मग माझी चूक लहान होते. कधी तसं धरवत नाही.

बाबांना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांना जेवण जायला लागलं होतं. मी त्यांना चमच्याने कांजी भरवत होते, उजवा हात उशीवर आधारून ठेवलेला. मी म्हणाले, "बाबा, ते सात नव्हतं. साठ होतं. मी चुकीचं वाचलं."

त्यांनी घास गिळला. खिडकीबाहेर पाहिलं.

"मलाही साठ वाटलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"रसशास्त्राचं एक छापील पुस्तक आणलं होतं मी लायब्ररीतून. त्यात साठ होतं. पण तू सात म्हणालीस. साठ पुटं म्हणजे वर्ष गेलं असतं गं. मला तेवढा धीर नव्हता. म्हटलं, आपल्या घराण्याची रीत वेगळी असेल."

मी चमचा खाली ठेवला. हे खरं होतं की माझ्यावरचं ओझं उतरवायला त्यांनी तिथल्या तिथे रचलं होतं, मला आजही कळलेलं नाही. ते शिक्षक होते. मुलाचं गणित चुकलं की 'मीच फळ्यावर नीट लिहिलं नव्हतं' म्हणायची त्यांना सवय होती. मी विचारलं, "कुठलं पुस्तक?" ते म्हणाले, "आता आठवत नाही." मी पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनीही क्लिनिकमधल्या माझ्या गप्प बसण्याबद्दल मला कधी विचारलं नाही.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर ते खाली जाईनात. अंकल दोनदा येऊन बेल वाजवून गेले. एकदा संत्री घेऊन आले. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "झोपलोय म्हणून सांग." अंकलना ते ऐकू गेलं. भाषा कळली नाही, आवाज कळला. त्यांनी संत्री माझ्या हातात दिली आणि "टेल हिम, आय ओके," असं म्हणून ते लिफ्टकडे वळले. त्यांचं रक्त नंतर ठीक झालं. त्यांची बायको मात्र मी लिफ्टमध्ये शिरले की मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहायची, आणि मी ते घर सोडेपर्यंत तसंच चाललं.

बाबांचा इथे राहायचा पास संपत आला तशी मी बाबांना कराडला पोचवायला गेले. त्यांच्या हाताची बोटं थोडी हलत होती, पण मनगट वर उचलत नव्हतं. मी आठवडाभर राहून, सोबतीला एक बाई ठेवून परत आले. बाबा डाव्या हाताने लिहायला शिकू लागले.

राहिले होते ते चौघं. फोनवर सांगितलेल्या दोघांनी पुड्या परत करायला ठेवल्याच होत्या. बाबांनी मला बरोबर येऊ दिलं नाही, मी परतल्यावर ते एकटेच एकेका घरी गेले. तिसऱ्याने ते औषध कधीच घेतलं नव्हतं, नुसतं देवघरात ठेवलं होतं. चौथं घर त्यांच्या शाळेतल्या जुन्या क्लार्कचं. त्यांच्या बायकोला साखरेचा त्रास होता, तिच्यासाठी बाबांनी पुडी दिली होती. ती बाई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. हार्टने, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. क्लार्क बाबांना म्हणाले, "सर, शेवटपर्यंत तुमचं औषध घेत होती. फार विश्वास होता तिचा."

बाबा काही न सांगता उठून आले. त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला आणि सगळं सांगून विचारलं, "सांगायला हवं होतं का गं?"

मी म्हणाले, "हार्टनेच गेल्या असतील बाबा. कशाला उगाच?"

"आपल्याला माहीत नाही ना पण."

"नाही. माहीत नाही."

आठ दिवस त्यांनी काढले. नवव्या दिवशी ते पुन्हा गेले आणि त्या माणसासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. शिसं काय करतं, आपला हात कसा गेला, तिच्या पुडीतही तेच होतं. म्हणाले, "त्याने झालं असेलच असं नाही. पण झालं नसेल असंही मला म्हणता येत नाही." सुनेने ठेवलेला चहा दोघांच्या समोर निवला. शेवटी क्लार्क एवढंच म्हणाले,

"सर, हे आता मला कशाला सांगितलंत?"

फोनवर मला हे सांगताना बाबांनी तेच वाक्य दोनदा म्हटलं. मी त्यांना विचारलं, जेवलात का, तर म्हणाले, बाई पोळ्या करून गेली आहे, जेवतो आता.